शून्य अंतरावरची गाडी

आमच्या साहेबांना 'नाही' या शब्दाची ॲलर्जी होती. अमरावतीत धंदा करणाऱ्या पुष्कळांना ती असते. दुकानात माल नसला तरी "येते ना, बसा" म्हणायचं, आज काम होणार नसलं तरी "होऊन जाते" म्हणायचं, आणि गिऱ्हाईक ताटकळून उठून गेलं की त्यालाच उतावळं ठरवायचं. साहेबांनी ही सवय दुकानातून उचलून कंप्युटरमध्ये आणली आणि तिला 'पॉझिटिव्ह भाषा' असं नाव दिलं.

कंपनी लहानशी. अकोल्याला डायलिसिससाठी जाणाऱ्या पेशंटना गावागावांतून ने-आण करणाऱ्या गाड्यांचं काम आमच्याकडे होतं. गाड्या ठरवायला आणि पेशंटला मेसेज पाठवायला एआय एजंट होता, म्हणजे एक प्रोग्राम. त्याला रस्ते कळत नसत. त्यासाठी वेगळं टूल होतं: गावं म्हणजे ठिपके, रस्ते म्हणजे रेघा, दोन ठिपके सांगितले की सगळ्यांत जवळची वाट आणि अंतर हातात. या टूलची माहिती लिहून काढणं हे माझं काम. एजंट टूल वापरायचा तो ती माहिती वाचूनच. तिच्यात जे नसेल ते तो मनानेच ठरवायचा आणि इतक्या अदबीने सांगायचा की कुणालाही खरं वाटावं.

रस्ता बंद असला की हे टूल रिकामी यादी आणि शून्य अंतर द्यायचं. कुणा शहाण्याने तसं केलं होतं ते विचारू नका. मी माहितीत स्पष्ट लिहिलं, की यादी रिकामी आणि अंतर शून्य आलं तर रस्ता नाही असं समजावं, आणि गाडी येऊ शकत नाही हे पेशंटला लगेच कळवावं.

साहेबांनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, हे नाही-नाही काहून लिहून राहिल्या तुमी? इन्व्हेस्टर वाचतीन ना हे."

"साहेब, हे इन्व्हेस्टरसाठी नाहीच. एजंट वाचतो हे."

"त त्याले बी पॉझिटिव्हच वाचू द्या ना!"

ओळ गेली. तिच्या जागी साहेबांनी स्वहस्ते लिहिलं, की हे टूल प्रत्येक वेळी सर्वोत्तम मार्ग देतं. शेजारी रॉकेटचं चित्रही टाकलं. मी भांडले, मेल केला, पुन्हा भांडले. "तुमी लय टेन्शन घेता," एवढंच उत्तर. नुसत्या मूर्ख माणसाचा मला राग येत नाही. याचा यायचा, कारण शून्य म्हणजे काय हे त्याला चांगलं कळत होतं. फक्त ते कागदावर दिसायला नको होतं.

माझे बाबा दर्यापूरच्या पुढे एका खेड्यात राहतात. त्यांचंही डायलिसिस अकोल्यालाच, आमच्याच गाडीने. त्या पावसाळ्यात एका सकाळी गावच्या नाल्याला पूर आला. गावाला सडक एकच. ऑफिसातल्या पोरींनी ती बंद असल्याची नोंद वेळेवर केली होती. टूलने शून्य दिलं. एजंटने शून्य पाहिलं, अंतर शून्य म्हणजे गाडी पोहोचलीच असं मनाने ठरवलं आणि बाबांना मेसेज पाठवला: आपली गाडी दारात पोहोचली आहे, कृपया बाहेर यावे. थोड्या वेळाने पुन्हा तोच.

दुपारी दवाखान्यातून मला फोन आला, की बाबा आलेच नाहीत. मी बाबांना फोन लावला तेव्हा ते अजून ओट्यावरच होते, पिशवी घेऊन, आणि बोलताना त्यांना धाप लागत होती. मग माझ्या फोनवरून शेजाऱ्यांनी त्यांना ट्रॅक्टरवर बसवून पांदणीच्या, म्हणजे शेतातल्या बैलगाडीवाटेच्या, चिखलातून पलीकडच्या गावी, मोठ्या रस्त्यावर आणलं. पांदण आमच्या टूलला माहीत नव्हती. सकाळीच 'गाडी येत नाही' असं कळलं असतं, तर ते सकाळीच तसे निघाले असते. तिथून भाड्याच्या गाडीने अकोल्याला पोहोचले तेव्हा छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यातल्यांनी घाईने मशीनवर घेतलं म्हणून वाचले.

तिथल्याच व्हरांड्यातून मी साहेबांना फोनवर सगळं सांगितलं. "पोचले ना शेवटी?" ते म्हणाले. "मी मनलंच होतं, होऊन जाते." मी फोन कट केला. शिव्या देण्याइतकीही त्या माणसाची लायकी वाटली नाही.

आत बाबांची धाप जरा कमी झाली होती. मी त्यांच्यावरच चिडले. "गाडी दिसत नव्हती त मले फोन काहून नाही केला, बाबा?"

"तुय्या कंपनीचा मेसेज होता ना. गाडी दारात हाय मने." ते थांबत थांबत बोलत होते. "गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन पाह्यलं. मले वाटलं, शुगरनं डोये गेले आता. गाडी उभीच असन, मलेच दिसून नाही राहिली."