बायकोचं ट्रेनिंग, कडेवर पोरगं: चुडावा ते मानवत

"आय नोकरीला अन् बाप रिकामा. मंग बापानंच जावं की पोराला घिऊन!" माझ्या आईनं चुलीपुढं बसून हा निकाल दिला आणि पुढची भाकरी थापायला घेतली. अपील नव्हतंच.

लोक लडाखचं लिहितात, अंदमानचं लिहितात. मी चुडाव्याहून परभणी आणि तिथून मानवत एवढाच प्रवास लिहिणार आहे, आणि तोही मान खाली घालून केलेला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन चालू होतं तो काळ. आमच्या गावाला अंगणवाडी मंजूर झाली होती आणि सेविका म्हणून माझ्या बायकोचं, सुमनचं नाव लागलं होतं. आमच्या वस्तीतल्या बाईला सरकारी काम मिळालं, हे गावात बऱ्याच जणांच्या घशाखाली उतरत नव्हतं. अट एकच होती. परभणीला महिनाभर ट्रेनिंग घ्यायचं, शेवटी मुलांसमोर एक पाठ घ्यायचा. पाठ बिघडला तर नेमणूक दुसरीला. आणि दुसरी तयारच बसली होती.

अडचण होती ती मिलिंदची. आमचं पोरगं आठ महिन्यांचं, अंगावर पिणारं. आईचे दिवस कापूस वेचणीचे, तिची रोजंदारी बुडवून चालणार नव्हतं. राहिलो मी. बी.ए. होऊन घरी बसलेला, स्टेशनवर जाऊन लोकांचा पेपर फुकटात वाचणारा. गावभरच्या पोरांना सांभाळायचं शिक्षण घ्यायला ही जाणार, आणि हिचं पोर सांभाळायला मी. हसू नका. म्हणजे हसा, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं.

चुडाव्याच्या स्टेशनवर गावातली चार माणसं भेटलीच. "काय, जोडीनं कुठं?" मी झटकन मिलिंदला सुमनच्या कडेवर दिलं, ट्रंक उचलली आणि म्हणालो, "हिला सोडायला चाललोय." गाडी हलल्यावर पोरगं परत घेतलं. सुमननं नुसतं बघितलं माझ्याकडं.

आता तिथं ब्रॉडगेज आहे, तासाभरात परभणीत उतरता. तेव्हा मीटरगेज, कोळशाचं इंजिन. खिडकीशी बसलं की डोळ्यात कण गेलाच म्हणून समजा. पूर्ण्याला गाडी मुक्कामाला आल्यासारखी थांबायची. तिथं चहा घ्या, बरा मिळतो. मी घेतला, आणि मिलिंदनं नेमकं तेव्हाच माझं धोतर... नाही, पँट होती. बी.ए.ची एकुलती एक टेरिकॉटची पँट. समोरची म्हातारी म्हणाली, "बाप्यामाणसाच्या हातात लेकरू दिलं की असंच व्हायचं." सगळा डबा हसला. मी मीरखेल स्टेशन येईपर्यंत खिडकीबाहेर तोंड काढून बसलो, कण गेले तर गेले.

परभणीत बायकांची सोय ट्रेनिंगच्या जागेतच होती. रात्री मिलिंद सुमनजवळ, दिवसा माझ्याजवळ. मी एका कॉलेजमित्राच्या खोलीवर. सकाळी हॉटेलात मुरमुऱ्यांची सुशीला खायची (परभणीत गेलात तर पोह्याच्या नादी लागू नका, सुशीला मागा, वर भजी मागा) आणि जाऊन लिंबाखाली बसायचं. पोरांना वर्गात आणायची बंदी होती. मधल्या सुटीत सुमन बाहेर यायची, त्याला पाजायची आणि तोंड पुसत आत पळायची.

लिंबाखालून खिडकीतून आतलं सगळं दिसायचं. पन्नास-साठ बायका, कुणी डोक्यावरचा पदर दातात धरलेली, कुणी नातवंडं असलेली. शिकवणाऱ्या बाई सांगायच्या, "या वयात पाटीपेन्सिल धरायला लावायची नाही. खेळवायचं. रंग, आकार, मोजणी, सगळं खेळातून. आधी तुम्ही लेकरू व्हा." आणि मग त्या सगळ्या बायांना उड्या मारायला लावायच्या, बेडूक बनवायच्या, गाणी म्हणायला लावायच्या. पहिल्या दिवशी अर्ध्या जणी रडल्या. एक म्हणाली, "बाई, आमच्या सासऱ्याला कळलं तर घरात घेणार न्हाई." बाई म्हणाल्या, "सासऱ्यालाच बोलवा मग बेडूक व्हायला." सुमन सगळ्यांत लाजरी. हत्तीच्या गाण्याला एक हात सोंडेसारखा करून कंबर डुलवायची होती, तर ही खांबासारखी उभी.

"हत्ती गेला बाजाराला, डुलू डुलू डुलू,
सोंड लावली गुळाला, हळू हळू हळू."

महिनाभर रोज ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. मिलिंद रडायला लागला की मी ते अगदी कानात, ओठ न हलवता पुटपुटायचो. तो तेवढ्यावर गप्प व्हायचा नाही. त्याला सोंड लागायची, डुलणं लागायचं. मी इकडंतिकडं बघायचो, कुणी नसलं तर एकदा डुलायचो. तेवढ्यात कुणी सायकलवाला गेला की हात झटकन डोक्यावर नेऊन केस नीट केल्याचं सोंग.

याच परभणीत कॉलेजात असताना नामांतराच्या मोर्चात मी घसा फुटेस्तोवर घोषणा दिल्या होत्या. पोलिसांसमोर, भर रस्त्यात. तेव्हा लाज नावाची गोष्ट मला ठाऊक नव्हती. भिंतींवरच्या घोषणा अजून ताज्या होत्या आणि मी त्यांच्याखाली दुपटं पिळत बसायचो. ओळखीचा कार्यकर्ता दिसला की पाठमोरा व्हायचो.

शेवटचा पाठ मानवतला. तिथल्या चालू अंगणवाडीत खरी मुलं, समोर बाई आणि तपासायला आलेल्या साहेबीण. परभणीहून एसटीनं तास-सव्वा तास. उजवीकडं बसा, ऊन लागत नाही. दिवस कापसाचे, त्यामुळं मानवत जवळ आलं की रस्त्याकडेच्या बाभळीच्या काट्यांनाही कापूस अडकलेला, आणि सरकी काढणाऱ्या जिनिंग मिलकडं जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग. मी मात्र धास्तावलेलो, कारण सुमनचं माहेर मानवतपासून जवळच. तिथला मी जावई. मांडवात ज्याचे पाय धुतले, तो माणूस.

सुमनचा नंबर दुपारी आला. "रडू देऊ नका हो त्याला," आत जाताना ती म्हणाली. "त्याचं रडणं ऐकलं की मला काई सुचत न्हाई." मी म्हणालो, "जा तू. निवांत जा."

ती आत गेली आणि मिलिंदनं लंगोट घाण केला. दारासमोरच रस्त्याला हापसा होता. पोरगं एका बगलेत, दुसऱ्या हातानं हापसा, पायानं दगडावर लंगोट दाबून धरलेला. अशा अवस्थेत मागून आवाज आला.

"जावईबापू?"

सासरेबुवा! मालकाचा कापूस घेऊन जिनिंगला आलेले, हातात बैलांचा कासरा. धरणीनं पोटात घ्यावं तर तीही तयार नव्हती.

"जय भीम, मामा," मी म्हणालो. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. गडबडीत लंगोट हातात उचलला, आता तो कुठं ठेवावा कळेना.

मामांचं तोंड काळंठिक्कर पडलं. "हे तुमी करायलाव? सुमी कुठं हाय?"

"आत. पाठ चालू हाय तिचा."

"नवऱ्याला हागलं-मुतलं धुवायला लावून ही आत काय करायलीय?" ते लंगोट घ्यायला पुढं आले, मी दिला नाही. मग पोरगं घ्यायला आले. मिलिंदनं त्यांच्या मिशा जवळून बघितल्या आणि असा भोंगा काढला की बैलांनी माना वर केल्या.

"बोलवतो तिला," मामा म्हणाले.

"मामा, आता उठली तर नोकरी गेली."

"जाऊ द्या. इज्जत गेल्यावर नोकरी घिऊन काय करायचं? माझ्या लेकीनं जावयाला बायको केलं म्हणतील लोक!"

आणि ते दाराकडं निघाले. मी मधे उभा राहू शकत होतो, पण सासऱ्याला अडवायचं कसं? अंगाला हात कसा लावायचा? मिलिंद निळा होईपर्यंत रडत होता, आणि ते रडणं आत जातच असणार. मामांचा हात कडीवर गेला. मी लंगोट खाली टाकला, उजव्या हाताची सोंड केली आणि ओरडलो. गाणं नव्हतंच ते, घोषणाच होती. "हत्ती गेला बाजाराला!" आणि डुललो. भर रस्त्यात, डुलू डुलू डुलू.

गाड्यांची रांग थबकली. एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, "आरं ह्याला काय झालं?" कुणीतरी शिट्टी घातली. कुणी म्हणालं, "मामा, जावई लय भारी आणला!" माझे कान भाजत होते, पण थांबलो तर मिलिंद परत सुरू होणार होता. सोंड गुळाला लावली. तो गप्प झाला. मग हसला, एकच दात दाखवून.

मामा दाराशी उभे. त्यांनी कडी सोडली. माझ्याकडं बघितलंच नाही. खांद्यावरचा रुमाल तोंडावर धरून गाडीकडं गेले, बैलांना हाकललं, आणि कापसानं भरलेली ती डोंगराएवढी गाडी माझ्या आणि रस्त्याच्या मधे आडवी लावली. मागच्या गाडीवाल्यांनी शिव्या दिल्या. मामा हलले नाहीत. पाठ संपेपर्यंत ते बैलांच्या तोंडाशी पाठमोरे उभे, आणि गाडीच्या आड मी डुलतोय.

सुमन पास झाली. बाहेर आली तर वडील निघून गेलेले, रस्ता मोकळा. मी सगळं सांगितलं, जरा फुगवूनच. तिच्यासाठी केवढं केलं हे तिला कळायला नको? ती मान खाली घालून ऐकत राहिली. एसटीत गप्प, परतीच्या गाडीत गप्प. दमली असेल म्हणून मी सोडून दिलं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सांगितलं. अंगणवाडीत हजर व्हायचं होतं, नवं लुगडं नेसून उंबऱ्याशी उभी होती.

"तुमचा आवाज आत येत होता. पोरं खिडकीकडं पळाली, म्हणून मी पण तेच गाणं धरलं, डुलले पण. त्यामुळंच पास झाले." तिनं पदर सारखा केला. "साहेबीण हसून म्हणल्या, कोण गं तो माणूस? सगळ्या बाया माझ्या तोंडाकडं बघायल्या. मी म्हणलं, मला काय माहीत. असंल कुणी येडा."

तिच्या डोळ्यात पाणी होतं. "लय लाज वाटली हो," ती म्हणाली. तेव्हाची की आत्ताची, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला राग आला. नाही आला असं म्हणणार नाही. पण चुडाव्याच्या फलाटावर मी काय केलं होतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तिनं मिलिंदला माझ्याकडं दिलं आणि गेली. ती दिसेनाशी झाली तसा तो रडायला लागला. समोरच्या वाटेनं शेतावर जाणारी माणसं होती, त्यांतले दोघं-तिघं आमच्या घराकडं बघत होते.

मी आधी दार लावून घेतलं. कडी घातली. मग हात वर केला आणि हळू आवाजात गाणं सुरू केलं.