माझी सापीण आणि त्याचा धबधबा

कशाला खोटं बोलू, मला माझ्या नवऱ्याचा हेवा वाटतो. त्याच्या बढतीचा नाही की पगाराचा नाही. माझी सापीण त्याच्या हातून खाते, ह्याचा.

सापीण म्हटल्यावर कोल्हापूरला माहेरी सगळ्यांनी देव पाण्यात घातले होते. पण गार्टर साप म्हणजे बिनविषारी, करंगळीएवढा जाड, अंगावर पिवळे पट्टे. आपल्याकडच्या दिवडासारखा पाण्याकाठी रमणारा. एगैला भागातल्या आमच्या बिल्डिंगमधलं एक कुटुंब कुवेत कायमचं सोडून निघालं, तेव्हा त्यांनी विचारलं, "हिला ठेवाल का?" लग्नाआधी मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. हो म्हणून बसले. नवरा कितीतरी दिवस सोफ्यावर मांडी घालूनच बसायचा, पाय म्हणून खाली सोडायचा नाही.

तिचं घर मी मांडलं. जुनी काचेची टाकी, तळाला झाडाच्या सालीचा कोरडा भुगा, एका टोकाला ऊब देणारा दिवा, दुसऱ्या टोकाला दडायला पालथं मातीचं भांडं, आणि पाण्यासाठी माझं केकचं काचेचं भांडं. त्यात ती वेटोळं करून बसायची, नुसतं डोकं वर. मी समोर भाजी निवडत बसायचे. ह्या देशात माझा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर, गाडी त्याची, बँकेचं कार्ड त्याचं, आणि लेक तर मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. एवढी एक ती माझी होती.

जुलैत शाळांना सुट्टी लागली की आमच्यातली बायका-पोरं भारतात जातात आणि नवरे मागे राहतात. मीही लेकीला घेऊन गेले. निघताना बजावलं, लांब चिमट्यानं मासा दे, झाकण लाव, आणि नळाचं पाणी अजिबात घालू नकोस. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापतात की थंड पाण्याच्या नळाला चटका बसतो. बंद ठेवलेल्या गीझरमधलं पाणी तेवढं गार असतं. "नळाचं घातलंस तर तिचं कालवण होईल," मी म्हणाले. तो इतका घाबरला की विमानतळावर मला त्याची दया आली. दया! माझ्यासारखी खुळी मीच.

परत आले तर हॉलमधली माझी टाकी गायब. तिथे माणूस आडवा झोपेल एवढं काचेचं घर. राई नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमधून काच कापून आणलेली, सांधे स्वतः सिलिकॉननं भरलेले. अर्ध्या भागात पाणी, दगडांच्या पायऱ्या, आणि छोट्या पंपानं वर चढून खाली पडणारा धबधबा. ज्या माणसानं लग्नापासून साधा बल्ब बदलला नाही, त्यानं! त्यानं झाकण उघडलं मात्र, माझी सापीण डोकं वर काढून आली आणि त्याच्या बोटांतला मासा घेऊन गेली.

"बाबा, दॅट्स सो कूल!" लेक ओरडली.

"संध्याकाळी घर खायला उठायचं गं," तो मला म्हणाला. "मग हिच्याशी बोलत बसायचो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात; इथे बीळ ह्यानं बांधलं आणि आत आयती माझी सापीण पळवली.

मी खोट काढायला लागले. म्हटलं, ओल फार आहे, पोटाला फोड येतील तिच्या. तर त्यानं मध्ये काच घालून पाणी वेगळं केलेलं, बाकीची जमीन खडखडीत कोरडी. म्हटलं, पंपात शेपूट अडकेल. पंपाला जाळी होती. निसटेल म्हटलं, तर झाकणाला कड्या. एक तरी चूक सापडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग मी चोरटेपणा सुरू केला. तो ऑफिसात असताना दुपारीच तिला मासे भरवायचे, म्हणजे संध्याकाळी ती त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही. तरी यायचीच, हावरट मेली. "ही जाड झालीय का गं?" तो विचारायचा. "वय झालं तिचं," मी म्हणायचे. पूर्वी बूट काढता काढता "चहा टाकतेस?" म्हणणारा माणूस आता बुटांसकट काचेपाशी. मी नक्की कुणावर जळत होते, त्याच्यावर की तिच्यावर, माझं मलाच कळेना.

पुढच्या जुलैत मी माझं तिकीटच काढलं नाही. दोघांना पुन्हा रान मोकळं करून द्यायला मी काय वेडी आहे? लेकीला तिच्या मावशीबरोबर पाठवलं. सासूबाई फोनवर गहिवरल्या. "नवऱ्याला असल्या उन्हात एकटं टाकून यायला तुझं मन होईना. गुणाची गं माझी पोर!" मी नुसतं "हो आई" म्हणाले. नवरा तर इतका खूश की चक्क गजरा घेऊन आला.

त्या संध्याकाळी त्यानं मासे कापले आणि चिमटा माझ्या हातात दिला. "घे, आज तू भरव."

मी चिमटा आत धरला. ती पाण्यातून वर आली, जीभ लपलपवत माझ्या माशापर्यंत आली, थबकली, आणि वळून काचेच्या कडेवर ठेवलेल्या त्याच्या रिकाम्या हाताकडे गेली. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"अगं, मासे मी कापलेत ना," तो समजूत घालत म्हणाला. "माझ्या हाताला वास आहे. वासावर येते ती, तिला माणूस कुठला कळतोय!"

मला शिकवतोय! साप जिभेनं वास घेतो, माणसाला माया लावत नाही, हे मी वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवलंय.

"उद्यापासून मासे मी कापणार," मी म्हटलं. "तू जा, हात धू. साबणानं. दोनदा."