उभा, हालला, घरी

सर गेल्याचा फोन सकाळी पावणेनऊला आला. दहाच्या आत मी यादी केली... कोणाला कळवायचं, आर्णीहून कोण येईल, उमरखेडच्या मुलांना कोणती एसटी मिळेल. रडायचं राहूनच गेलं. यादीत पहिलं नाव माझ्या धाकट्या भावाचं, प्रवीणचं होतं. त्याला सरांनी जितकी वर्षं बॉक्सिंग शिकवलं तितकीच वर्षं मी सरांचं रजिस्टर लिहिलं. अंत्यसंस्कार उरकून परत निघालो तेव्हा प्रवीणने मला एक गोष्ट सांगितली. माझ्या रजिस्टरात एक नोंद खोटी होती. महिना झाला, ती गोष्ट वगळून मला सर आठवता येत नाहीत.

दामोदर सर पांढरकवड्यात, बंद पडलेल्या एका कापूस जिनिंगच्या गोदामात मुलं तयार करायचे. कोण किती मार सोसू शकतो हे ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. रुंद जबडा, जाड मान यांना ते किंमत देत नसत. “बैलबाजारात आला का बे? दात काय पाहून राह्यला?” असं एकदा त्यांनी एका नव्या पंचाला सुनावलं होतं. ठोसा बसला की सगळे तोंडाकडे पाहायचे, सर पायांकडे. मागचा पाय आपसूक जागेवर आला तर ठीक. जमीन शोधत फिरला तर गडबड. “मार सगळ्यायलेच बसते. बसल्यावर माणूस वापस किती लवकर येते, थे पाहा लागते,” असं ते म्हणायचे. आणि शेवटची परीक्षा बोंडाची. कोपऱ्यात कपाशीच्या वाळक्या बोंडांचं पोतं असे. जोराचा मार खाल्लेल्या मुलाच्या हातात सर त्यातलं एक बोंड द्यायचे. आमच्याकडची मुलं लहानपणापासून कापूस वेचतात, हाताला सवय असते. डोकं ठिकाणावर असेल तर एका चिमटीत सगळा कापूस निघतो, पाल्याचा कणही चिकटत नाही. नसेल तर बोंडाची टोकं बोटात घुसतात आणि कापसात कचरा येतो. मग सर मला रजिस्टरात लिहायला शब्द सांगायचे... उभा, हालला किंवा घरी. ‘घरी’ म्हणजे तीन आठवडे हातमोजे बंद. आईबाप येऊन भांडले तरी सरांनी तो शब्द कधी बदलला नाही, असं मी कितीतरी लोकांना अभिमानाने सांगितलं आहे.

कपाशीवर लाल्या रोग पडून पीक गेलं त्या वर्षी प्रवीण विभागीय स्पर्धेत होता. तिथे जिंकला तर राज्यपातळीवर खेळणार होता, आणि ते प्रमाणपत्र हातात आलं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर उभं राहता येणार होतं. त्याच्या वयाच्या सगळ्या मुलांची आशा तेवढीच उरली होती. उपांत्य लढत तो जिंकला, पण डाव्या कानाखाली जबरदस्त ठोसा खाऊन. सर खिशातलं बोंड काढून त्याला मंडपामागे घेऊन गेले. मी उठले तर म्हणाले, “तू बस येथीच, कागदं सांभाळ.” थोड्या वेळाने परत आले तेव्हा त्यांच्या तळहातावर पांढराशुभ्र कापूस होता. “उभा. लिही.” मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी अंतिम लढतीत त्याच कानावर मार बसला आणि तो कान कायमचा गेला. पोलीस भरती त्याच दिवशी संपली. प्रवीण आता पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून देण्याचं दुकान चालवतो. आई सरांना दोष द्यायची तेव्हा मी तिला रजिस्टर उघडून दाखवलं होतं. “हे पाह्य, परीक्षा घेतली होती त्यायनं.”

स्मशानातून परतताना प्रवीण म्हणाला, “ताई, थ्या दिवशी बोंड माह्या हातून निघालं नव्हतं.”

“मंग?”

“दोनदा खाली पडलं. मी सरायच्या पाया पडलो. म्हटलं, वावरात काही राह्यलं नाही, एवढं खेळू द्या. मंग सरायनंच कापूस काढला.”

“आन् मले कायले नाही सांगितलं? इतके वर्षं?”

“तू लिहून ठेवलं असतं ना.”

हो, लिहिलं असतं. ‘घरी’ लिहिलं असतं आणि कान वाचला असता. प्रवीणवर माझा राग नाही. वीस वर्षांचा, डोकं गरगरणारा मुलगा खेळू द्याच म्हणणार. त्याचं ऐकायचं नाही, यासाठीच तर ती परीक्षा होती. सरांना दया आली, हेही मी एक वेळ समजून घेईन. पण त्यांनी मला कागदांपाशी बसवून ठेवलं आणि माझ्या हातून खोटं लिहून घेतलं. त्या खोट्यावर मी आईला गप्प केलं. आई गेली, तेव्हाही सर आमच्या घरी आले होते. तेव्हाही बोलले नाहीत.

गेल्या आठवड्यात मी सरांच्या घरी गेले. पुढच्या खोलीत दिवाणावर बसणाऱ्याच्या उजव्या हाताला, भिंतीला चिकटून सरांची खुर्ची होती. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, “प्रवीण यायचा असला का हे आपली खुर्ची उचलून इकडं ठेवत. मी म्हणो, उकडते, पंख्याखाली बसा. ऐकतील त कसचे!” प्रवीण नेहमी दिवाणावर बसतो, आणि त्याला ऐकू येतं ते उजव्या कानाने. म्हणजे दर वेळी खुर्ची उचलताना त्यांना सगळं आठवत होतं... आणि मी तिथेच समोर चहा पीत बसलेली असायचे.

“आता घेऊ का पंख्याखाली?” काकूंनी खुर्चीला हात लावत विचारलं.

“राहू द्या,” मी म्हणाले. “रविवारी प्रवीण येणार आहे. मी बसीन तिथं.”