साडेपाच फुटी पलंग

सुतारकामाच्या कारखान्यात त्यांना सगळे 'सूतभर मिस्त्री' म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढाही फरक त्यांना खपायचा नाही. "सूतभर राहिलं," म्हणत ते पुन्हा रंधा हातात घ्यायचे आणि बाकीचे कपाळाला हात लावायचे.

तरुणपणी मिस्त्री नाटक कंपनीचे सेट बांधायचे. काय ते दिवस! पातळ फळ्या, खिळे आणि रंगवलेलं कापड एवढ्यावर दोन तासांत महाल उभा, आणि पडदा पडला की अर्ध्या तासात तोच महाल ट्रकमध्ये. खोटाच होता तो. पण शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते माहीत असायचं, आणि तिथं कुणी बिऱ्हाड घेऊन राहायला येणार नव्हतं.

कंपनी बुडाली आणि मिस्त्री सॅम्पल फ्लॅटचं फर्निचर करू लागले. इमारत उभी राहण्याआधी गिऱ्हाइकांना दाखवायला एक घर सजवतात, ते. तिथला नियम पहिल्याच दिवशी कळला. पलंग साडेसहा फुटांचा नाही, साडेपाच फुटांचा करायचा. कपाट उथळ, टेबल बुटकं, आणि खोल्यांना दारं बसवायचीच नाहीत. मग खोली कशी ऐसपैस दिसते! सूतभर चूक न खपणारा माणूस बारा वर्षं इमानेइतबारे फूटभर चुकीचे पलंग करत राहिला. घरी मात्र त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. काय तोंडानं सांगणार?

स्वतः राहायचे भाड्यानं. वर्ष-दोन वर्षं झाली की मालक उगाचच हसत यायचा आणि म्हणायचा, "मुलाला खोली लागेल हो आता." अशी नऊ बिऱ्हाडं झाली. लग्नाच्या वेळी मिस्त्रींनी स्वतः केलेला साडेसहा फुटी सागवानी पलंग दर वेळी खोलायचा, जिन्यावरून उतरवायचा, पुन्हा जोडायचा. दर वेळी एखादा टवका उडायचाच. स्वस्त घरांच्या सोडतीत अर्ज केला, तर उत्पन्न जास्त. बँकेत गेलं, तर उत्पन्न कमी.

"मग आम्ही नेमके बसतो तरी कशात?" बायकोनं बँकेतल्या माणसाला विचारलं होतं. ती स्वतः दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. ताटकळणारी माणसं तिनं जन्मभर पाहिलेली. त्यानं पुढचा नंबर पुकारला.

नवव्या मालकानं महिन्याची मुदत दिली, आणि त्याच आठवड्यात मिस्त्रींच्या बिल्डरनं शहराच्या पार टोकाला मध्यम उत्पन्नवाल्यांसाठी घरं काढली. या वेळी बँकही हो म्हणाली. रविवारी सकाळी बायको सॅम्पल फ्लॅट बघायला तयार होऊन बसली. मिस्त्रींनी गुडघा दुखतोय, गर्दी असेल, अशी कारणं काढून पाहिली.

"अहो, स्वतःच्या हातचं काम दाखवायला एवढे आढेवेढे?"

तिथं पोचल्यावर ती लहान मुलीसारखी खोल्याखोल्यांतून फिरली. "बघा ना, आपला पलंग इथं भिंतीला, तरी चालायला केवढी जागा! आता नाही हो तो पुन्हा खोलायचा."

"वहिनी, दोनच घरं उरलीत," विक्रीवाला म्हणाला. "आत्ताच नाव नोंदवा."

"अगं, जरा थांब," मिस्त्री म्हणाले.

"का? काय झालं?"

शेवटी मिस्त्रींनी चपला काढल्या आणि सरळ त्या पलंगावर आडवे झाले. दोन्ही पावलं बाहेर, हवेत.

"मिस्त्री! त्यावर झोपायचं नसतं!" विक्रीवाला ओरडला.

दारात उभं असलेलं एक जाडजूड गिऱ्हाईक खो-खो हसलं. "काका, अंथरूण पाहून पाय पसरावेत!"

"आयुष्यभर तेच केलं," मिस्त्री झोपूनच म्हणाले. "आता अंथरूणच कापतायत. हा पलंग फूटभर आखूड आहे. मीच केलाय. खरा पलंग ठेवलात, तर खऱ्या घरात या खोलीचं दार उघडणार नाही."

"आणि हप्ता?" जाड्यानं विचारलं. "तो तरी आखूड आहे का?"

पुन्हा हशा पिकला. पण बाहेर कुणी गेलं नाही. पाच मिनिटांत त्याच जाड्यानं एका घरावर सही केली. तो तरी कुठं जाणार होता?

बायकोचा चेहरा उतरला होता. "बारा वर्षं हे करताय, आणि मला आज सांगताय?"

"तुला एवढं आवडलं होतं गं..."

"मग दुसरं दाखवा. एवढ्याच पैशांत. दाखवा ना!"

मिस्त्री पलंगावरून उठून चपला शोधू लागले. तिनं त्यांच्या खिशातली टेप काढून घेतली आणि भिंतीला लावली.

"दार उघडायचं असेल तर किती?"

"पावणेसहा फूट."

टेप परत देऊन ती गेली आणि शेवटच्या घरावर सही करून आली. दोन्ही घरं गेल्यावर विक्रीवाल्याचा रागही निवळला. त्यानं मिस्त्रींना चहासुद्धा विचारला. त्यांनी घेतला नाही.

दुपारी घरी गादी खाली उतरली. मिस्त्रींनी पलंगाच्या लांब पट्ट्यांवर नऊ इंचांवर पेन्सिलीनं रेघ मारली. बायकोनं दुसरं टोक घट्ट धरलं, वाकून पाहिलं.

"रेघ सूतभर तिरकी झालीये हो."

"होऊ दे," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी करवत ओढली.