सातव्या गाण्यातले बोंबील

डहाणूच्या खाडीपासून तलासरीच्या नाक्यापर्यंत जेवढा संशय पसरला असेल तेवढा गोळा करून एका माणसात भरला, तर माझा मामेभाऊ तयार होईल. आणि तरीही तो विचारील, "सगळा भरला ना? थोडा मागे ठेवला नाय ना?" चिकू घेताना तो विकणाऱ्यालाच आधी एक खायला लावतो आणि त्यानं आवडीनं खाल्ला, तर "भुकेला असेल" म्हणून पुढच्या गाडीकडे वळतो. बसची पाटी वाचतो, मग कंडक्टरला विचारतो, आत बसल्यावर शेजारच्या बाईला विचारतो. आणि तिघांचं उत्तर एकच आलं की त्याला वाटतं, यांचं आधीच ठरलेलं आहे. असा हा माणूस रॅप करतो, आणि गेल्या वर्षी त्यानं आपला पहिला अल्बम काढला.

रेकॉर्डिंग वाणगावला झालं. स्टुडिओ म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागची एक खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेली. तिथे आठही गाणी तो काचेकडे पाठ करून गायला. काचेपलीकडचा माणूस ओठ वाचून ओळी चोरील, अशी त्याला भीती होती. "अरे, त्याच्याच कानात तर सगळं जातंय!" मी म्हटलं. तर म्हणाला, "कानानं ऐकलेलं माणूस विसरतो, ताई. डोळ्यानं बघितलेलं नाय विसरत." अल्बमचं नाव त्यानं 'खाडीचं तोंड' ठेवलं, पण ते नावसुद्धा आम्हाला अल्बम बाहेर आल्यावरच कळलं.

त्याच्या संशयाचं मूळ शोधायचं तर डहाणूच्या मासळीबाजारात जावं लागेल. माझी मामी, म्हणजे त्याची आई, तिथे मासे विकते आणि हा लहानपणापासून तिच्या टोपलीजवळ बसलेला. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक भवानीचं. ते घासाघीस करत नाही, नावं ठेवत नाही, सांगितलेल्या भावात मुकाट घेऊन जातं. पुढे मात्र खरा बाजार सुरू होतो. जी बाई "वा, काय ताजी मासळी!" म्हणते, ती पुढे निघून जाते. जी खाली बसते, कल्ला उचलून बघते, "डोळा बसलाय गं याचा" म्हणून नाक मुरडते, ती हमखास घेते. हा बाजाराचा नियम त्यानं आयुष्याला लावून टाकला. छान म्हणणाऱ्यानं बघितलेलंच नसतं.

दुर्दैव असं की, अल्बमला सगळ्यांनी छान म्हटलं. मुंबईच्या एका समीक्षकानं इंटरनेटवर चार तारे दिले आणि लिहिलं की, शेवटच्या गाण्यात पार्श्वभूमीला ठेवलेली समुद्राची गाज अंगावर काटा आणते. भावानं ते दोनदा वाचलं. "तो पंखा आहे," तो म्हणाला. "बंद करायचा राहिला होता. पंख्याला मिळालेत चार तारे." दुसऱ्या एका तरुणानं गाणं ऐकतानाचा स्वतःचा व्हिडिओ टाकला, त्यात तो एकोणिसाव्या सेकंदाला रडायला लागतो. भाऊ घड्याळ लावून बसला. "ताई, माझा आवाज बाविसाव्या सेकंदाला येतो. हा कशाला रडला?" स्टेशनजवळचे गुजराती पानवाले काका "बहु सरस, दीकरा, बहु सरस!" म्हणाले, त्या दिवसापासून त्यानं तो रस्ताच सोडला.

मग पाळी माझी आली. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. सरावलीच्या आमच्या एका खोलीत अभ्यास होईना, तेव्हा बारावीचं अख्खं वर्ष मामीनं मला आपल्या घरी ठेवून घेतलं. तिचे उपकार मी विसरलेले नाही. आता तलासरीला शाळेत मराठी शिकवते. घरातल्या अल्बमवर घरच्या शिक्षिकेनं लिहायचं नाही, तर कुणी? इथल्या एका साप्ताहिकात मी दोन रकाने भरून लिहिलं. भाषा जपून, एकही शब्द उणा नाही. तो आला, समोर बसला आणि शांतपणे म्हणाला, "सातव्या गाण्यात काय आहे, ताई?"

वह्या तपासायच्या होत्या, परीक्षा जवळ आल्या होत्या. सहावं संपल्यावर मी लिहायला बसले होते.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "तू लिहितेस चांगलं," एवढं म्हणून उठला. दारातून मागे वळून म्हणाला, "आईला सगळा ऐकवला. ती पण छान हाय बोलली. एक माणूस दाखव, ज्यानं खरंच ऐकलाय. नाय तर दुसरा अल्बम नाय." दुसऱ्या दिवशी त्यानं माइक जुन्या जाळ्यात गुंडाळून माळ्यावर टाकला आणि काकाच्या बोटीवर जायला लागला. तीन महिने त्याच्या तोंडून एक ओळ कुणी ऐकली नाही.

एका रविवारी मी बाजारात मामीजवळ बसले होते. तो बर्फाची पेटी घेऊन आला. मामीनं त्याला खालून वर बघितलं आणि अचानक कडाडली.

"काय रे, सातव्या गाण्यात बोंबील शेपटीनं कुणी टांगले?"

तो पेटी हातात धरून तसाच उभा.

"जबड्यात जबडा अडकवून जोडी टाकतात ना दोरीवर? घरात वाढलास की विमानात? गावातल्या बाया बोलतील, हिला बोंबील सुकवता येत नाय! आणि पाचव्यात काय ते भरभर? मागे कुत्रं लागलेलं?"

शेजारच्या टोपलीवरची मावशी खदखदून हसली. भावाचे डोळे बारीक झाले. "तुला हे कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं.

"सांगतंय कोण! मासळी सुकत घालताना रोज लावते तो मोबाइल."

"मग तेव्हा छान कशाला बोललीस?"

मामीनं पापलेटावर पाणी मारलं. "पहिलं गिऱ्हाईक मी होते ना? भवानीला कुणी नावं ठेवतं काय, मेल्या?"

त्यानं पेटी खाली ठेवली आणि तिच्या बाजूला बसून "पाचव्यात नक्की कुठे भरभर?" असं विचारलं. त्या आठवड्यात माळ्यावरून जाळं खाली आलं. वाणगावच्या खोलीत आता तो गायच्या आधी पंख्याचं बटण तीन वेळा तपासतो म्हणे.

सातवं गाणं मी त्या रविवारी संध्याकाळीच ऐकलं, आणि त्यानंतर पुष्कळदा. ते मामीचं गाणं आहे, पण दुसऱ्या कडव्यात मी आहे. खिडकीशी बसून शिकणारी ताई. तिनं म्हणे वर्षभर पुस्तकातून मान वर केली नाही. हे चूक आहे. त्या खिडकीतून बोंबलांच्या दोऱ्या दिसायच्या, आणि त्यांच्याखाली मामीच्या मागे टोपली धरून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत उभा असलेला तो. मी रोज बघत असे. ही चूक त्याला सांगायला हवी. विश्वास ठेवणार नाहीच, पण निदान विचारील तरी, कितव्या ओळीत.