उजवीकडून उमटलेलं नाव

नागपुरात गोळीबार चौकाजवळ अनुसया परातेचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. मराठी, हिंदी, तोडकंमोडकं इंग्रजी, सगळं टायपिंग तिच्या हातचा मळ. आणि बाईला त्याचा थोडा ताठाही आहे.

मिलकाबाई आल्या त्या दुपारी तो ताठा शाबूत होता. मिलकाबाई इथल्याच बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, रेल्वेच्या गार्डाची विधवा. नवऱ्याचं नाव त्याच्या कबरीच्या दगडावर हिब्रूत कोरायचं होतं. मुलगी रिबेका इस्राएलमध्ये असते. तिनं ते ऑनलाइन डॉक्युमेंटात लिहून आईला धाडलं होतं. पाथरवट चंद्रभान संध्याकाळी नमुना न्यायला येणार होता, आणि दगडावरची चूक काही खोडरबरानं जात नाही.

"आना काकू, होऊन जाते पाच मिनटात." अनुसयानं सवयीनं नाव पत्रिकांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नेलं, वेलबुट्टीची चौकट घातली आणि छापून हातात दिलं.

मिलकाबाईंनी कागदाच्या उजव्या कडेला बोट ठेवलं आणि त्या थबकल्या. शुक्रवारी, शब्बाथच्या संध्याकाळी नवऱ्यानं त्यांना अक्षरओळख तेवढी करून दिली होती. "हे तं उलटं झालं वं. पहिलं अक्षर या अंगाले पायजे."

अनुसयाचं तोंड एवढंसं झालं. हिब्रू लिहितात उजवीकडून, आणि जुन्या सॉफ्टवेअरनं अक्षरं आपल्या रीतीनं डावीकडून मांडली होती. तिनं कागद फाडला, रिबेकाला फोन लावायला सांगितला आणि तिचं डॉक्युमेंटच पडद्यावर उघडलं. हिब्रू फॉन्ट निवडून नवी ओळ घेतली, तर कर्सर टुणकन उजव्या कडेला जाऊन उभा.

तेवढ्यात तिथंच दुसरा, गुलाबी कर्सर लुकलुकला. त्यावर रिबेकाचं नाव. एक अक्षर उमटलं, मग त्याच्या डावीकडे दुसरं. विणकर बापाच्या हातमागावर धोटा दोन्हीकडून पळताना अनुसयानं पाहिला होता. पण ओळ जिथं संपते तिथूनच सुरू होताना ती पहिल्यांदाच पाहत होती, आणि तीही समुद्रापलीकडच्या हातानं. ती थक्क झाली. तिनं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"वाचून पाहा काकू, मोठ्यानं. मंग चंद्रभानले देऊ."

उभ्या जन्मात मिलकाबाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. 'आमचे हे' एवढ्यावर सगळा संसार झाला होता. पण दुकानात दुसरं वाचणारं कोण होतं? त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि बोट पडद्याच्या उजव्या कडेला टेकवलं.

"बेथ. नून. योद. मेम. योद. नून." एकेका अक्षरावरून डावीकडे सरकत बोट शेवटी थांबलं. ओठ नुसतेच हलले. मग आवाज आला, "बिन्यामीन."

फोनवर रिबेका रडत होती, "आई, बरोबर आहे, आई." मिलकाबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी पुन्हा नाव घेतलं, या वेळी जरा मोठ्यानं, आतल्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तसं.