मला अन्य भाषेचं दान मिळालं नव्हतं

बदली होऊन कोलकात्याला आलो, तेव्हा मी डमडमच्या एका ख्रिस्ती प्रार्थनासभेत जाऊ लागलो. ज्याला पवित्र आत्मा मिळतो तो अन्य भाषेत, म्हणजे कधी न शिकलेल्या, स्वतःलाही न कळणाऱ्या भाषेत बोलतोच, असं तिथल्या पाळकांचं ठाम मत होतं. आमच्या नगरकडच्या मंडळीत असं कुणी मानत नसे. पण एका संध्याकाळी माझ्या डोक्यावर हात ठेवून सगळे वाट पाहू लागले, तेव्हा मला गप्प राहण्याची लाज वाटली. मी लहानपणची जेवणाआधीची मराठी प्रार्थना भराभर म्हणत सुटलो. तिथे मराठी कुणालाच येत नव्हतं. हालेलुयाचा गजर झाला.

शेजारी गुडघे टेकून बसलेला माझा ऑफिसातला बंगाली मित्र मात्र गप्पच राहिला. देवाने आपल्याला नाकारलं, असं त्याने मनात धरलं आणि पुढे कधी तोंडाने प्रार्थना केली नाही. हे दिसत असूनही मी खरं बोललो नाही.

आता दोघेही निवृत्त आहोत. परवा सॉल्ट लेकला त्याच्या घरी जाऊन सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे दादा, तुमच्या वरणभाताच्या प्रार्थनेपायी मी तीस वर्षं झुरलो?"

"हो. माफ कर मला."

"अगदी गाढव आहात!" म्हणत तो पोट धरून हसायला लागला. मलाही हसू आलं, किती वर्षांनी इतकं मोकळं.

मग त्याने चहाचा कप खाली ठेवला, डोळे मिटले आणि रोजच्या साध्या बंगालीत मोठ्याने प्रार्थना सुरू केली. आवाज ऐकून त्याची बायको स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थांबली.